अकाली जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा पॅट्रिक केनेडी १९६३मध्ये अकाली जन्मला आणि श्वासाच्या त्रासाने ३९ तासांत दगावला. अशा बाळांना जगवणारे व्हेंटिलेटर पुढे आले खरे, पण १९६७मध्ये स्टॅनफर्ड येथील नॉर्थवे, रोझान आणि पोर्टर यांनी तीव्र श्वसनत्रासाच्या ३२ बाळांचा अभ्यास मांडून दाखवले की, दीर्घकाळ दिलेला तीव्र ऑक्सिजन आणि यंत्राचा दाब यांनी फुप्फुसांना कायमची इजा होते. या आजाराला त्यांनी ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेशिया (बीपीडी) असे नाव दिले. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील बदल त्या पहिल्याच वर्णनात नोंदवलेले होते. तरीही पुढे बराच काळ हा आजार मुख्यतः श्वासनलिकांचा मानला गेला, याची खंत वाटते.

स्टेरॉइड आणि सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा पदार्थ) यांमुळे २४-२६ आठवड्यांची बाळेही वाचू लागली, तसे आजाराचे रूप पालटले. वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या एकमेकांच्या आधाराने वाढतात. ही वाढ अर्ध्यावर थांबली की शरीराचे सगळे रक्त मोजक्या, अरुंद वाहिन्यांतून ढकलावे लागते आणि तिथला दाब वाढतो. त्यातच ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसांतल्या वाहिन्या आणखी आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात आणि हृदयाचा उजवा कप्पा थकत जातो. दूध पिताना बाळाचे ओठ निळसर पडतात, तेव्हा बऱ्याचदा हेच घडत असते.

याचे गांभीर्य २००७मध्ये बॉस्टनच्या अभ्यासातून आकड्यांत दिसले : बीपीडीसोबत असा दाब असलेल्या ४२ बाळांपैकी निदानानंतर दोन वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. निदानही सोपे नाही, कारण टू-डी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दाबाचा अंदाज घेतात आणि फुगलेल्या फुप्फुसांआड ती धार अनेकदा दिसतच नाही. फुप्फुसांतल्या वाहिन्या रुंदावणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाचा वापर वाढला असतानाच अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२मध्ये मुलांमधील वापराबाबत इशारा दिला आणि २०१४मध्ये तो सौम्य केला.

२०१५च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी बीपीडीचे निदान होताच एको करण्यास आणि रक्तातील ऑक्सिजन ९२ ते ९५ टक्के राखण्यास सांगितले. ऑक्सिजन वाढवला की फुप्फुसांतला दाब उतरतो, हे डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९८५मध्येच हृदयात कॅथेटर (बारीक नळी) घालून मोजले होते. आज घरी नळीवर ऑक्सिजन चालू असलेल्या बाळाच्या पावलाला गुंडाळलेल्या ऑक्सिमीटरवर आईवडील रात्रभर जो आकडा पाहत बसतात, त्यामागे ते मोजमाप आहे.