वारशाने आलेला भाडेकरू भाडे थकवतो तेव्हा : ठाण्यातल्या जुन्या घरमालकांसाठी, नोटिशीपासून दाव्यापर्यंत

चरईत माझ्या काकूंची एक जुनी चाळ आहे. काका गेले आणि घराबरोबर सहा बिऱ्हाडेही काकूंच्या वाट्याला आली. त्यातल्या दोघांनी बरीच वर्षे भाडे दिलेले नव्हते. काकूंनी नोटीस काढली, ती १ जूनला टपालात पडली आणि ५ जूनला भाडेकरूच्या हाती पोचली. १ सप्टेंबरला दावा दाखल झाला. पुढे दोन वर्षे तारखा चालल्या आणि शेवटी दावा मुदतीआधी लावला म्हणून फेटाळला गेला. तीन दिवस थांबले असते तर तो टिकला असता. तेव्हापासून नौपाडा, खारकर आळी, उथळसर, पाचपाखाडी इथले ओळखीचे लोक आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाचे दुःख वेगळे असले तरी चुका मात्र त्याच चार-पाच. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कायदा. पागडीचे आणि जुन्या भाड्याचे भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली येतात. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधीच्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात सहा महिन्यांची थकबाकी आणि एक महिन्याची नोटीस असा हिशेब होता. तो लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. ‘सहा महिने झाल्याशिवाय काही करता येत नाही’ किंवा ‘तीस दिवसांची नोटीस पुरते’ असे कोणी सांगितले, तर तो जुन्या कायद्याबद्दल बोलतो आहे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांसाठीचा नमुना होता. तुमच्या वडिलांनी १९७० साली ठेवलेल्या भाडेकरूला तो लागत नाही.

थकबाकी आपल्याच घरातून सुरू झाली का, ते पाहा

हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी निम्म्यांत भाडे थांबले ते मालक वारल्यानंतर. एका भाऊबंदकीच्या प्रकरणात भाडेकरू आजी मला म्हणाल्या, “दोघं भाऊ दोन पावतीपुस्तकं घेऊन येतात. मी कुणाच्या हातात देऊ? आधी तुमचं ठरवा, मग मागा.” त्यांचे काही चुकले नव्हते.

कायद्याच्या कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडे देत असेल, किंवा द्यायला तयार आणि राजी असेल, तर त्याला काढता येत नाही. कोणाला द्यायचे हेच त्याला ठाऊक नसेल, तर तो तयार नव्हता हे तुम्ही कसे दाखवणार? म्हणून नोटिशीच्या आधी सगळ्या वारसांच्या सह्यांचे एक साधे पत्र प्रत्येक भाडेकरूला द्या. मालक अमुक तारखेला वारले, वारस हे आहेत, यापुढे भाडे अमुक व्यक्तीला किंवा अमुक बँक खात्यात भरावे, एवढेच त्यात लिहा. सोबत मृत्यूदाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. या एका पत्रानंतर लोक भाडे भरू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

भावंडांचे जमत नसेल तरी वाट बंद होत नाही. एका सहमालकालाही सर्वांच्या वतीने ताब्याचा दावा लावता येतो. मात्र बाकीच्यांची हरकत नसावी.

उलटा प्रकारही दिसतो. भाडेकरू पैसे पाठवतो आणि मालक ‘घेतले तर त्याचा हक्क पक्का होईल’ म्हणून परत करतो. कृपा करून हे करू नका. परत गेलेली प्रत्येक मनीऑर्डर त्याच्या तयारीचा पुरावा म्हणून कोर्टात येते. भाडे घ्या आणि ‘हक्क अबाधित ठेवून’ असे लिहून पावती द्या. पावती देणे ही तशीही कलम ३१ खाली मालकाची सक्तीची जबाबदारी आहे.

नोटीस कोणाच्या नावाने

सर्वात जास्त घोळ इथे होतो. पावतीपुस्तकावर मूळ भाडेकरूचे नाव तीस वर्षे तसेच चालत आलेले असते आणि तो माणूस केव्हाच गेलेला असतो. मुलगा भाडे देतो, पावती वडिलांच्या नावाने फाटते. मग नोटीसही वडिलांच्या नावाने जाते. मृत व्यक्तीला बजावलेल्या नोटिशीवर दावा उभा राहत नाही.

कलम ७(१५) प्रमाणे राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारस होतो आणि त्यांच्यात एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. दुकान किंवा गोदाम असेल तर मृत्यूच्या वेळी ती जागा धंद्यासाठी वापरणारा कुटुंबीय धरला जातो. डोंबिवलीला स्थायिक झालेला मोठा मुलगा की खोलीत आईजवळ राहिलेली मुलगी, असा प्रश्न असेल तर तुम्ही न्यायनिवाडा करत बसू नका. खोलीत राहणारे सगळे आणि माहीत असलेले बाकीचे वारस, सर्वांची नावे नोटिशीत घाला. जास्तीची चार पाकिटे पाठवायला फार खर्च येत नाही.

नोटिशीत किती रक्कम मागायची

मागणी प्रमाणभूत भाडे (म्हणजे कायद्याप्रमाणे ठरणारे मूळ भाडे) आणि कायद्याने मान्य केलेली वाढ यांचीच हवी. ‘आजूबाजूला पंधरा हजार चालू आहे’ म्हणून त्या दराने थकबाकी काढली तर प्रकरण तिथेच लंगडे पडते. कलम ११ प्रमाणे भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. पण ती भाडेकरूला वेळच्या वेळी लेखी कळवलेली असावी. कधीच कळवली नसेल, तर सगळ्या वर्षांची वाढ एकदम थकबाकीत मिसळू नका. आजपासून कळवायला लागा. महापालिकेच्या करातली वाढही कलम १२ खाली भाडेकरूकडून घेता येते. ती वेगळ्या रकान्यात दाखवा.

मुदतीचा कायदा, १९६३ प्रमाणे थकलेले भाडे वसूल करायला तीन वर्षे मिळतात. दहा वर्षांचा आकडा लिहून भाडेकरूला घाबरवता येईल, न्यायाधीशांना नाही. शेवटच्या तीन वर्षांचा महिनावार तक्ता जोडा आणि काय मागताय ते स्वच्छ लिहा.

९० दिवस, दोन वेळा

नोटीस *पोचल्यानंतर* ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय दावा लावता येत नाही. मोजणी टपालात टाकल्याच्या तारखेपासून नाही, नोटिशीवरच्या तारखेपासूनही नाही. काकूंची नोटीस ५ जूनला पोचली, म्हणजे ९० दिवस ३ सप्टेंबरला संपत होते आणि दावा ४ सप्टेंबरपासून लावता आला असता. त्यांच्या वकिलांनी १ जूनपासून मोजले. आणखी एक आठवडा थांबलात तर काहीही बिघडत नाही. घाई करू नका.

म्हणूनच पोचल्याच्या पुराव्याला एवढे महत्त्व आहे. नोटीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधल्या रीतीने बजावायची असते : टपालाने, किंवा हातोहात भाडेकरूला अथवा त्याच्या घरच्या माणसाला, आणि तेही जमत नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवून. व्हॉट्सअॅपवरच्या दोन निळ्या खुणांवर विसंबू नका. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तरी पोचपावती मागून घ्या आणि संकेतस्थळावरचा ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून ठेवा. नंतर तो सापडत नाही. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते न फोडता जपा. ‘घर बंद’ म्हणून आले तर लगेच दुसरी प्रत दोन साक्षीदारांसमोर दारावर लावा आणि फोटो काढा.

दुसरे ९० दिवस भाडेकरूचे असतात आणि याची कल्पना मालकांना जवळजवळ कधीच दिलेली नसते. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, पुढे दावा संपेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि कोर्टाने सांगितलेला खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढण्याचा हुकूम होत नाही. महिना ₹२०० भाड्याच्या खोलीची तीन वर्षांची बाकी ₹७,२०० होते. ठाण्यातली खोली एवढ्या पैशांसाठी कोणी सोडत नाही. तो भरतो. तेव्हा भाडे थकले म्हणून लावलेला दावा मुख्यतः भाडे वसूल करण्याचा मार्ग आहे, हे मनाशी धरूनच तो लावा. जागा खरोखर स्वतःला हवी असेल, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला असेल, किंवा योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरलीच नसेल, तर ती कलम १६ खालची वेगळी कारणे आहेत आणि ती वेगळी मांडावी व सिद्ध करावी लागतात.

कागद

मृत्यूदाखला, मालमत्ता पत्रक, महापालिकेचे कराचे बिल, नोटिशीची प्रत आणि पोच, आधार-पॅन. हे सगळ्यांकडे असते. मालमत्ता पत्रकावर वारस नोंद झाली नसेल तर नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन ठेवा, पण तेवढ्यासाठी नोटीस अडवू नका. भाडे मिळण्याचा हक्क ज्याला आहे तो या कायद्यात मालक धरला जातो.

नसतो तो भाडेकरार. १९६० किंवा ७० च्या दशकातल्या पागडीला करार कुठून येणार? पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काकांच्या कपाटात वाळवीने खाल्लेल्या असतात. अशा वेळी महापालिकेच्या कर विभागातून जुन्या करआकारणीचा उतारा मागा. त्यात भोगवटादाराचे नाव आणि त्या वेळचे भाडे नोंदलेले सापडू शकते. खिडकीवर ‘जुने रेकॉर्ड नाही’ असे उत्तर मिळाले तर तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. लेखी विचारल्यावर जुनी बाडे उघडलेली मी पाहिली आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना याच उत्तरावर चार वेळा परत पाठवले होते आणि त्याचा मला आजही राग आहे.

दुसरा अवघड कागद म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र. मालकाच्या हयातीत थकलेले भाडे हे त्यांचे येणे आहे. ते वारसांना वसूल करायचे असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१४ मुळे हुकूम होण्याआधी हे प्रमाणपत्र लागू शकते. शेतजमिनीच्या खंडाला त्यातून सूट आहे, चाळीच्या भाड्याला नाही. तहसील कार्यालयातला वारस दाखला म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. ते दिवाणी न्यायालयातून घ्यावे लागते. म्हणून तक्त्याचे दोन भाग करा : मृत्यूपूर्वीची बाकी आणि मृत्यूनंतरची. नंतरची बाकी वारसांची स्वतःची असते. आधीची रक्कम किरकोळ असेल तर ती सोडून देणेच शहाणपणाचे.

दावा कुठे

मुंबईतल्या नातेवाइकाकडून आणलेला मसुदा लघुवाद न्यायालयाच्या नावाने असतो. तो ठाण्याला चालत नाही. ठाण्यात असे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात जातात. तसेच ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर निकाल लागतो’ असे ऐकून तिकडे अर्ज करणारेही हात हलवत परततात. कलम २४ चा तो मार्ग राहण्यासाठी दिलेल्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरचा आहे. पागडीच्या भाडेकरूचा तिथे विषयच येत नाही.

कोर्ट फी साधारण एका वर्षाच्या भाड्यावर ठरते, त्यामुळे ती जड नसते. वकिलाची फी जड वाटत असेल आणि मालक स्त्री असेल, तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्याने दिलेला हा हक्क आहे. काकूंना तो पहिल्या दाव्याच्या वेळी कोणी सांगितलाच नाही.

दावा चालू असताना भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडू नका, जिन्याला कुलूप घालू नका. पाणी-वीज तोडणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. समोरचा खरोखर अडचणीत असेल, नोकरी गेलेली किंवा घरात आजारपण असेल, तर हप्ते ठरवून लोकअदालतीत तडजोड नोंदवा. त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमाइतकीच किंमत असते आणि त्यावर अपील होत नाही. काकूंनी दुसऱ्या वेळी एका बिऱ्हाडाशी असेच केले : बाकी दहा हप्त्यांत, पावतीवर मृत सासऱ्यांऐवजी सुनेचे नाव, आणि भाडे दर महिन्याच्या १० तारखेआत खात्यात.

निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडायच्या आधी द्या.