लॉनचे गालिचे कापून नेले की जमीन कायमची उघडी पडते?

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: ‘लॉनचा तयार गालिचा कापला की त्या शेतात पुन्हा गवत उगवत नाही.’ हे गालिचे म्हणजे शेतात वाढवून मुळं-मातीसकट कापलेलं गवत; त्यानंतरची भादरलेली जमीन पाहिली की तसं वाटणं साहजिक आहे.

पण गालिच्यासोबत मातीचा जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा थर निघतो. लॉनचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. तिची पेरं असलेली खोडं त्याखालीही पसरलेली असतात. वरचं गेलं तरी त्या पेरांतून नवे कोंब फुटतात. (हरळी काढता काढता थकलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.) झॉयसिया हे लॉनचं दुसरं गवतही असंच परततं, फक्त फारच सावकाश.

सगळ्याच जातींचं मात्र असं नाही. सेंट ऑगस्टीनची खोडं जमिनीवरच पसरतात, म्हणून कापताना मध्ये गवताच्या पट्ट्या राखतात. झुपक्यांनी वाढणारं टॉल फेस्क्यू असेल, तर पुन्हा बी पेरावंच लागतं.

पडताळायचंय? हरळीचा चौकोन खुरप्याने तासा, खाली उकरून पांढरट, पेरं असलेला तुकडा काढा, कुंडीत मातीआड पुरा आणि पाणी घाला. उन्हाळा-पावसाळ्यात कोंब यायला फार वाट पाहावी लागत नाही.