उवा खाणारा मासा आमच्याकडे का मिळत नाही
(आमच्याकडून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, नेऊन शेततळ्यात मासे पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

यंदा रोहू-कटल्याच्या भावाइतकीच चौकशी एका भलत्याच माशाची होते आहे. "दादा, ऊ खानारा मासा शे का तुमनाकडे?" मोबाइलवर नॉर्वेचा व्हिडिओ फिरतोय. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सॅमन मासे, आणि त्यांच्या अंगावरच्या उवा टिपून खाणारा एक गोलमटोल मासा. व्हिडिओ खरा आहे, मासाही खरा आहे. पण तो आमच्याकडे नाही, आणि त्याच्या नावाखाली कुणी काही विकायला आलं तर पैसे देऊ नका. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा छापून दिलेलं बरं, म्हणून हा कागद.

तो मासा नेमका कोणता?

त्याचं नाव लम्पफिश. पोटाखाली चोषक असतो, त्याने तो दगडाला नाहीतर समुद्रशेवाळाला चिकटून राहतो. त्याच्या जोडीला रॅस नावाच्या माशाच्या काही जाती वापरतात. नॉर्वेत उवांचा नियम कडक आहे. एका सॅमनमागे सरासरी ०.५ पेक्षा जास्त पूर्ण वाढलेल्या मादी उवा चालत नाहीत. वसंतात जंगली सॅमनची पिल्लं नद्यांतून समुद्रात उतरतात, तेव्हा हीच मर्यादा ०.२ वर येते. औषधं मारून मारून उवा त्यांना दाद देईनाशा झाल्या, म्हणून तिकडचे लोक या माशांकडे वळले. रॅसवरचे पहिले प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरचे.

सुरुवातीला हे मासे सरळ समुद्रातून धरून आणायचे. त्यात दोन घोटाळे होते. बॅलन रॅस या जातीत सगळी पिल्लं मादी म्हणून जन्मतात, मोठी झाल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. मोठे मासे धरून नेले की मागे नरच कमी राहतात. दुसरं म्हणजे, एका खाडीतला मासा दुसऱ्या खाडीत टाकला की त्याच्याबरोबर रोगही जातो. मग हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायच्या केंद्रात, पैदास सुरू झाली. रॅस तयार व्हायला साधारण दीड वर्ष लागतं, लम्पफिश अर्ध्या वर्षाच्या आसपास पिंजऱ्यात सोडण्याजोगा होतो. त्याला आधी लस टोचतात, पिंजऱ्यात लपायला प्लास्टिकचं समुद्रशेवाळ टांगतात, खाद्य वेगळं देतात. इतकं करूनही पिंजऱ्यात तो मोठ्या संख्येने मरतो, आणि त्यावरून तिकडे पशुवैद्यांची टीकाही चालू आहे. त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर नसते. लेझरने उवा मारणं, कोमट पाण्यातून मासे काढणं हेही सोबत चालतं.

आपल्याकडे का नाही? तो खाऱ्या आणि थंड पाण्याचा मासा आहे. पाणी १८ अंशांच्या वर गेलं की त्याला सोसत नाही. भुसावळच्या मे महिन्यात शेततळ्यातल्या पाण्यात हात घालून पाहा, म्हणजे पुढे काही सांगायला नको.

काही जण त्याऐवजी मत्स्यालयाच्या दुकानातून काच साफ करणारा सकर मासा आणून तळ्यात सोडतात. कृपा करून सोडू नका. तो शेवाळ खातो, उवा खात नाही. मातीच्या तळ्याचे काठ पोखरतो, काटेरी परांनी जाळं फाडतो, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पुराच्या पाण्याबरोबर नदीत गेला तर तिथेही ठाण मांडतो. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन पडणारा हाच.

आपल्या तळ्यातली ऊ वेगळी आहे

आपल्याकडची ऊ म्हणजे अर्ग्युलस. रोहू हातात धरून कल्ल्याच्या मागे आणि परांच्या बुडाशी पाहा. मसुराच्या डाळीएवढी, चपटी, आरपार दिसणारी, समोर दोन काळे डोळे. नखाने ढकलली तर पडत नाही, खवल्यांवरून सरसर सरकते. जिथे ती चावते तिथे लाल ठिपका उठतो, पुढे जखम होते. मासा तळ्याच्या प्लास्टिक कागदाला अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, खाद्य सोडतो.

आता मुद्द्याचं. सॅमनची ऊ आपली अंडी शेपटाशी दोऱ्यासारखी लटकवून फिरते. ती खाल्ली की अंडीही गेली. अर्ग्युलसची मादी मात्र माशाच्या अंगावरून उतरते आणि दगडाला, बुडालेल्या काटकीला, पाइपाला, तळ्याच्या कागदाला रांगेने अंडी चिकटवते. म्हणजे अंगावरच्या उवा टिपणारा मासा उद्या गोड्या पाण्यात मिळाला, तरी कागदावरची अंडी तशीच राहतील. औषधाचंही तेच. एका मात्रेत मोठ्या उवा मरतात, अंडी मरत नाहीत. उन्हाळी पाण्यात दहा-पंधरा दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा, नवीन पिढी बाहेर पडते. आणि आम्हाला फोन येतो: "औषध मारलं, काही उपयोग झाला नाही."

सगळ्यात महागात पडणारी चूक

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडून बीज नेता. ते चांगलं वाढतं. दिवाळीच्या सुमारास कुणीतरी धरणावरून, नाहीतर पाटाचं पाणी आटताना, बादलीभर मासे आणतो. फुकटचे, वर हाताएवढे मोठे. "राहू द्या यांच्यातच," म्हणून ते तळ्यात जातात. त्यांच्यावर चार उवा असल्या तरी धरणात ते कुणाला कळलं नसतं, तिथे पाणी अफाट आणि मासे विरळ. तुमच्या तळ्यात मासे दाटीने असतात, उवेच्या पिल्लाला अंग शोधायला लांब जावं लागत नाही. जानेवारीपर्यंत वाढ थांबते आणि मग ऐकू येतं, "तुमच्या बीजातच उवा होत्या."

बीजात उवा असत्या तर नोव्हेंबरच्या आधीच दिसल्या असत्या. उलट तपासायला आम्ही कधीही तयार आहोत. पण त्यासाठी मेलेला मासा कॅरीबॅगेत गुंडाळून आणू नका. मासा मेला की ऊ त्याचं अंग सोडून जाते, आमच्या हाती नुसता वास येतो. आजारी दिसणारा जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात, झाकणाच्या बादलीत आणा. दहा मिनिटांत भिंगाखाली दाखवतो, पैसे घेत नाही.

दुसरी वाट जाळ्याची. मासे काढायला येणारी टोळी आज रावेरला, उद्या यावलला, जाळं ओलंच. जाळं तुमचं स्वतःचं ठेवा. नाहीतर टोळीला सांगा, उन्हात कडकडीत वाळवून आणा. कुणी नाराज झालं तर होऊ द्या.

उवा आल्याच असतील तर तळ्यात बांबूच्या कामट्या किंवा फळ्या उभ्या सोडा. मादी त्यांच्यावर अंडी घालते. दर आठवड्याला बाहेर काढून उन्हात वाळवा आणि पुन्हा सोडा. आपल्याकडे ऊन फुकट आहे, त्याचा वापर करा. हंगाम संपला की तळं पूर्ण उपसून कागद कोरडा होऊ द्या. केळीच्या पाण्यासाठी तळं रिकामं करता येत नाही, ही अडचण आम्हाला माहीत आहे. अशांनी निदान पाणी खाली गेल्यावर उघडा पडलेला काठ झाडूने खरवडून घ्यावा. औषधाची मात्रा तळ्यातल्या पाण्याच्या मापावर ठरते, ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. घरात कपाशीचं उरलेलं कीटकनाशक आहे म्हणून ओतू नका. उवेआधी मासा जातो.

आमचं बीज थोडं महाग का?

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी देत नाहीत. पूर्वी नदीतून बीज गोळा करायचे, त्यात वाम, मरळ, उवा, सगळंच यायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) माशांची पैदास करून दाखवली. तेव्हापासून हा धंदा नदीवर अवलंबून राहिला नाही. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचाच. आम्ही नर-मादी वेगळ्या तळ्यात ठेवतो, इंजेक्शनआधी एकेक मासा हातात घेऊन पाहतो, गोल टाकीला बोअरचं गाळलेलं पाणी देतो. बाहेरचा मासा आमच्या आवारात येत नाही, पाहुण्याने भेट म्हणून आणला तरी. या सगळ्याला मजुरी लागते, ती भावात दिसते.

"बीज उपाशी ठेवता" ही तक्रारही नेहमीची. पॅकिंगच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करतो ते मुद्दामच. भरल्या पोटाचं पिल्लू पिशवीत घाण करतं आणि शिरपूरला पोहोचेपर्यंत पाणी खराब होतं.

नोंदणी जूनपासून घेतो. माल सकाळी नऊच्या आत उचलावा, दुपारी आम्ही देत नाही, कितीही ओळखीचं कुणी आलं तरी. पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी हळूहळू आत घेऊन पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्या. पहिल्या महिन्यात काही शंका आली तर आमचा माणूस तळ्यावर येऊन पाहून जातो. मात्र तळ्यात बाहेरचे मासे सोडलेले आढळले, तर बीज बदलून मिळणार नाही. ही अट पावतीच्या मागे छापलेली आहे, नेताना वाचून सही करावी.