उनपदेवचं ऊन पाणी आणि ‘ज्वालामुखी’चा घोळ

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तीन झरे आहेत: उनपदेव, सुनपदेव आणि नझरदेव. १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये या तिघांची नोंद आहे. तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एकच खान्देश होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला, आणि झऱ्यांची माहिती ज्याच्या त्याच्या जिल्ह्याच्या कागदांत विखुरली गेली. त्याआधीची हकिकत शरभंग ऋषी आणि रामाच्या बाणाची. ती इथल्या कोणालाही सांगायला नको.

दुसरा उनपदेव शहादा तालुक्यात आहे, तिथेही गरम पाणीच. त्यामुळे ‘उनपदेवला जाऊन आलो’ असं कोणी म्हटलं की आधी ‘कोणत्या?’ असं विचारावं लागतं. इंटरनेटवर तर एकाचा फोटो आणि दुसऱ्याचा रस्ता सर्रास सापडतो. नावातला ‘ऊन’ मात्र सरळ आहे. ऊन भात, ऊन पाणी म्हणतो तोच हा शब्द. पुढचा ‘प’ कुठून आला, यावर हवा तेवढा वाद घालावा.

खरा घोळ आहे तो ‘ज्वालामुखी’चा. अलीकडे पर्यटनाच्या माहितीत हे झरे बिनदिक्कत ‘ज्वालामुखीय’ म्हणून दिले जातात. कारण समजण्यासारखं आहे: दख्खनचा काळा दगड लाव्ह्याचा, पाणी गरम, मग खाली अजून काहीतरी धगधगत असणारच. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंडगार झालेला. जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढत जाते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस, आणि त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याने भूभ्रंशाची, म्हणजे खडक तुटून सरकल्याची, मोठी रेघ गेली आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि जिथे वाट मिळते तिथे वर येतं. म्हणजे उनपदेव भूऔष्णिक आहे, ज्वालामुखीय नाही. ही शब्दांची कुरकुर वाटेल, पण चुकीच्या शब्दाने माणूस चुकीची गोष्ट पाहायला जातो.

शिवाय ‘मुखी’ म्हटलं की डोळ्यांसमोर तोंड असलेला डोंगर येतो. इथे लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून वर आला. त्या भेगांत थिजलेला दगड आजही उभा आहे. शास्त्रात त्याला डाईक म्हणतात, पाहणाऱ्याला ती माळावरून निघालेली काळी भिंत दिसते. साक्री-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा शेकडो भिंती आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब, आणि बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम दिशेने गेलेल्या. वरच्या थरांना लाव्हा याच वाटांनी मिळाला का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. खान्देशात लाव्ह्याची खूण पाहायची तर ती या भिंतींत आहे, आणि तिथे पर्यटक म्हणून जवळपास कोणीच फिरकत नाही.

२०२५ मध्ये दख्खनच्या लाव्हाथरांचं नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, ते पाचगणी-महाबळेश्वरच्या रूपाने. तिथले थर देखणे आहेत, सोयी तयार आहेत, निवडीत चूक काढता येत नाही. तरी लाव्हा वर आला त्या वाटा एवढ्या उघड्यावर असताना सगळं लक्ष तो साठला तिथेच जावं, हे आमच्याकडच्या माणसाला थोडं लागतं.

तोरणमाळचंही तसंच. हजार मीटरांहून उंच असं हे पठार त्याच लाव्ह्याचं, पण ओळख थंड हवेच्या ठिकाणाची. यशवंत तलाव आणि सीताखाई पाहून गाड्या परत फिरतात.

बाहेरच्या जगात या दगडाचं नाव झालं ते वेगळ्याच वाटेने. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढले. खडी आणि बांधकामाच्या दगडासाठी खाणी फोडताना ते हाती लागू लागले. परदेशातल्या संग्राहकांच्या कपाटांत आज त्यांच्याखाली ‘जळगाव’ अशी चिठ्ठी असते.