ग्रेगोरियन गान

रोमन कॅथलिक उपासनेतील पारंपरिक लॅटिन गायन. सर्व गायक एकच सुरावट गातात; वाद्यांची साथ नसते आणि ठरावीक तालही नसतो. लय शब्दोच्चाराच्या अंगाने चालते. शब्द बहुतांशी बायबलमधले, त्यांतही स्तोत्रसंहितेतले असतात.

पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने ही गीते रचली, निदान संकलित केली, अशी परंपरा आहे. कबुतराच्या रूपातील पवित्र आत्मा त्याच्या कानात सूर सांगतो, असे चित्र मध्ययुगीन हस्तलिखितांत आढळते. मात्र गानसंग्रहाचे श्रेय त्याला देणारे योहान या डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदाचा चर्चसेवक) रचलेले चरित्र सु. ८७३ मधील, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सु. पावणेतीनशे वर्षांनी लिहिलेले आहे. उलट ५९५ च्या रोममधील धर्मसभेत, आवाज पाहून डीकन निवडले जातात म्हणून, ग्रेगरीने त्यांच्या गाण्यावर बंधन घातले. शुभवर्तमानाचे वाचन तेवढे त्यांच्याकडे ठेवले.

पोप दुसरा स्टीफन ७५४ मध्ये फ्रँक राजा पेपिनकडे होता. रोमन गायन फ्रँक राज्यात (आजचा फ्रान्स व पश्चिम जर्मनीचा प्रदेश) रुजले ते त्या सुमारास. मेत्सचा बिशप क्रोडेगांग याचा त्यात पुढाकार होता. पेपिनचा मुलगा राजा शार्लमेन याने ७८९ च्या आज्ञापत्रात धर्मगुरूंना रोमन गायन शिकण्यास बजावले. पण खुद्द रोमची स्वरांकित हस्तलिखिते १०७१ पासूनची मिळतात आणि त्यांत शब्द बहुतेक तेच असले, तरी सुरावटी वेगळ्या आहेत. या ‘जुन्या रोमन’ गायनामुळे, त्याचे ग्रेगोरियन गायनाशी नाते काय, असा वाद उभा राहिला. संगीताचे अभ्यासक ब्रुनो श्टेब्लाइन यांच्या मते दोन्ही परंपरा रोममधल्याच, एक जुनी व एक सुधारलेली. हेल्मुट हुके यांनी ग्रेगोरियन रूप हा रोमन गायनाचा फ्रँक भूमीवर झालेला पुनर्घाट मानला. उपलब्ध पुरावा या दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. सुरावटी केव्हा लिहिल्या गेल्या, यावरही एकमत नाही. अभ्यासकांपैकी केनेथ लेव्ही शार्लमेनच्या काळातच एक स्वरांकित मूळ प्रत असावी असे मानतात. लिओ ट्राइटलर मौखिक परंपरेवर भर देतात. सांक्ट गालेन (स्वित्झर्लंड) व लाँ (फ्रान्स) येथील स्वरांकित पोथ्या मात्र दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. त्यांतील खुणा सुराचा चढउतार दाखवतात, नेमकी स्वरांतरे नाहीत. म्हणजे चाल आधीच पाठ असलेल्या गायकांसाठीच त्या होत्या. रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत आरेझ्झोच्या ग्वीदोने अकराव्या शतकात रूढ केली.

मिस्सा या मुख्य उपासनाविधीत कीरिए, ग्लोरिया, सांक्तुस यांसारख्या भागांचे शब्द स्थिर असतात. प्रवेशगीत, आलेलुया, अर्पणगीत सणावारानुसार बदलतात. आलेलुयाच्या शेवटच्या अक्षरावरचा लांब स्वरविस्तार हा या गायनाचा सर्वांत मोहक भाग होय. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आलेलुया गात नाहीत. मठांत दिवसरात्रीच्या प्रार्थनाप्रहरांना स्तोत्रे गात. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमानुसार दर आठवड्याला सर्व १५० स्तोत्रे पूर्ण व्हावी लागत.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सोलेम मठाने जुन्या पोथ्यांवरून पाठ शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. त्याच्या आधारे व्हॅटिकनची अधिकृत आवृत्ती १९०८ मध्ये निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये या गायनाला अग्रस्थान कायम ठेवले, परंतु लोकभाषांतील उपासना रुळल्यावर त्याचा वापर घटला. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चशाळांत मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना लॅटिन गायन शिकवत.