मीठ घटलं की पाणी वाढलं?

"पेशंटचं सोडियम 124 वर आलंय," असं आयसीयूच्या दारात ऐकलं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: मग मीठ द्यायचं का? प्रश्न भाबडा नाही. नाकातल्या नळीतून मीठ कधीकधी खरंच देतात. पण आधी ठरवावं लागतं की मीठ घटलंय की पाणी वाढलंय.

हा पेच मेंदूतल्या एका रक्तस्रावानंतर हमखास उभा राहतो. मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा फुटून आवरणांखालच्या द्रवात रक्त पसरलं की डोक्यात वीज कोसळावी तशी कळ येते. बाहेरून चिमट्यासारखी क्लिप लावून किंवा आत बारीक तारेची कॉइल भरून फुगा बंद होतो, माणूस बोलू लागतो, आणि काही दिवसांनी पुन्हा पेंगुळतो, भलतंच बोलतो. तपासावं तर सोडियम घसरलेलं. रक्तात ते लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल (मोजायचं एकक) हवं. ते कमी झालं की पाणी पेशींत शिरतं आणि आधीच दुखावलेला मेंदू सुजतो. झटकेही येतात.

कधी पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाजवीपेक्षा जास्त सुटतं. कधी मूत्रपिंडं मीठ सोडत सुटतात, मागोमाग पाणीही जातं आणि अंग कोरडं पडतं. हा दुसरा प्रकार 1950 मध्ये नोंदला गेला, पण तो नेमका किती जणांत होतो यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. पंचाईत अशी, की दोन्हींत रक्तात सोडियम कमी आणि लघवीत भरपूर! लॅबचा कागद इथे फारसा उपयोगी नाही. खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी, किती गेलं-किती आलं याचा तक्ता, नाडी आणि रक्तदाब जास्त सांगून जातात.

एरवी पहिल्या, पाणी धरून ठेवण्याच्या, प्रकारात पेशंटला पाणी कमी देतात. या रक्तस्रावात तेच अंगाशी येतं. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या धमन्या आक्रसतात. त्यात अंगातलं पाणी आटलं, तर मेंदूचा एखादा भाग रक्तावाचून मरतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 1985 मध्ये हा धोका दाखवून दिला.

म्हणून लिटरला 9 ग्रॅम मिठाच्या नेहमीच्या सलाईनऐवजी बरेचदा 30 ग्रॅमचं, म्हणजे तीन टक्क्यांचं, सलाईन पंपावर हळूहळू सोडतात. मूत्रपिंडाने मीठ धरावं म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोनही देतात. घाई मात्र चालत नाही. बरेच दिवस खाली राहिलेलं सोडियम चोवीस तासांत 8-10 मिलिमोलपेक्षा जास्त चढलं, तर मेंदूच्या देठातल्या तंतूंवरचं वेष्टण उखडू शकतं. त्यामुळे दर चार-सहा तासांनी सुई टोचली जाते, आणि बाहेर बसलेले कुरकुरतात, "अहो, किती रक्त काढाल?"