खप आणि वाचकसंख्या: पेपरात जाहिरात देण्याआधी हे दोन आकडे वेगळे करून बघा

पेपरात किंवा मासिकात जाहिरात देऊन छोट्या धंद्याला काही मिळतं का, हे कुणालाही विचारा, उत्तरं दोन टोकांची येतात. एक म्हणतो पैसे पाण्यात गेले, दुसरा म्हणतो माझा धंदाच त्यावर उभा राहिला. मला वाटतं दोघंही खरंच सांगत असतात. गडबड झालेली असते ती बरीच आधी, पेपरसाठी जाहिराती गोळा करणारा माणूस रेट कार्ड, म्हणजे जाहिरातीच्या दरांचा तक्ता, समोर ठेवतो तेव्हा. तो म्हणतो, "आमचा पेपर १,४०,००० लोकांपर्यंत जातो" आणि आपण मनात १,४०,००० पेपर धरतो. तेवढे पेपर छापलेलेच नसतात. त्याने सांगितलेला आकडा वाचकसंख्येचा म्हणजे रीडरशिपचा असतो, आणि खप म्हणजे सर्क्युलेशन ही वेगळीच गोष्ट आहे. तो खोटं बोलत नाही, पण आपण ऐकताना चुकतो आणि मग सगळा हिशोबच चुकतो.

आधी खप बघू. खप ही मोजलेली गोष्ट आहे, किती प्रती लोकांनी खरोखर पैसे देऊन घेतल्या ते. समजा ५०,००० प्रती छापल्या, त्यातल्या ६,००० विक्रेत्यांकडून न विकता परत आल्या, ४,००० फुकट वाटल्या, तर पैसे देऊन घेतलेल्या प्रती राहिल्या ४०,०००. छापलेला आकडा आणि खपाचा आकडा यातही लोक गोंधळतात, म्हणून "प्रिंट ऑर्डर किती" एवढंच विचारून थांबू नका, परत येणाऱ्या प्रती किती तेही विचारा. पूर्वी प्रकाशक स्वतःच आपला खप सांगायचे आणि तो तपासायची सोय जाहिरातदाराकडे नसायची, म्हणून १९१४ मध्ये अमेरिकेत जाहिरातदार, एजन्सी आणि प्रकाशक यांनी मिळून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स काढलं, पुढे ब्रिटनमध्ये १९३१ साली आणि भारतात १९४८ साली तशाच संस्था आल्या. सांगायचा मुद्दा हा की खप तपासता येतो, त्याला कागद असतो. ऑडिटचा कागद आहे का आणि कोणत्या काळाचा आहे हे विचारायला लाजायचं काहीच कारण नाही, पैसे आपले जाणार आहेत.

वाचकसंख्या मात्र कुणी मोजत नाही, ती सर्वेमधून काढलेला अंदाज असतो. निवडलेल्या काही लोकांना पेपरांची नावं किंवा मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानावरची नावाची पट्टी, दाखवून विचारतात की हा शेवटचा कधी वाचला किंवा चाळला, आणि दैनिक असेल तर काल, साप्ताहिक असेल तर गेल्या आठवड्यात, मासिक असेल तर गेल्या महिन्यात, असं उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण पूर्ण लोकसंख्येवर लावतात. याला सरासरी अंकाची वाचकसंख्या म्हणतात. पण कधीकधी दैनिकासाठीसुद्धा "गेल्या महिन्यात एकदा तरी हातात घेतला" अशा सगळ्यांचा एकूण आकडा पुढे केला जातो, आणि तो अर्थातच बराच मोठा दिसतो. तेव्हा रीडरशिप कोणती, कालची की महिन्याची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि पेपर छोटा असेल तर सर्वेत त्याचे वाचक मोजकेच सापडतात, त्यावरून काढलेला अंदाज खूप वर-खाली होऊ शकतो.

वाचकसंख्येला खपाने भागलं की एका प्रतीमागे किती वाचक ते कळतं. आपल्या उदाहरणात १,४०,००० भागिले ४०,०००, म्हणजे साडेतीन. घरात एकच पेपर येतो आणि तीन-चार जण बघतात, त्यामुळे हे काही अशक्य नाही.

पण विचारण्यातही मेख आहे. जॉर्ज गॅलप, जे पुढे जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध झाले, त्यांनी १९२८ च्या आपल्या पीएचडीत वाचकासोबत बसून पेपर पानोपान उलटत यातलं नेमकं काय वाचलंस असं विचारलं. नुसतं आठवून सांगितलेलं आणि खरं वाचलेलं यात फरक पडतो म्हणून. पुढे डॅनियल स्टार्च यांनी जाहिरातींसाठी अशीच पद्धत रूढ केली: जाहिरात दिसल्याचं आठवणारे किती, त्यात कंपनीचं नाव लक्षात आलेले किती, आणि मजकूर निम्म्याहून जास्त वाचलेले किती. प्रत्येक पायरीला माणसं गळतात. म्हणजे वाचकसंख्या हा पेपर उघडणाऱ्यांचा आकडा आहे, तुमची जाहिरात बघणाऱ्यांचा नाही, आणि आतल्या पानावरच्या छोट्या चौकोनाला तर हे जास्तच लागू पडतं.

मग धरायचा कोणता आकडा? माझं मत सांगतो. तुम्ही जे विकता ते घर घेतं की माणूस घेतो, यावर ते ठरतं. फर्निचर, पाण्याची टाकी, रंगकाम, गळती दुरुस्ती ही कामं घराला एकदाच लागतात, तिथे एका पेपरचे साडेतीन वाचक म्हणजे साडेतीन गिऱ्हाईकं नव्हेत, ते एकच गिऱ्हाईक आहे. अशा धंद्याने सरळ खप धरावा. चष्मा, क्लास, केस कापणं, जिम, इथे घरातला प्रत्येक जण वेगळा ग्राहक होऊ शकतो, म्हणून वाचकसंख्येला थोडा अर्थ आहे, तरी मी निम्मीच धरेन.

आता परवडतं का ते बघायचं तर सगळ्यात आधी तुमच्या उपयोगाचा नसलेला भाग कापून टाका. तुमच्याकडे गिऱ्हाईक जेवढ्या लांबून येतं तेवढ्याच भागातल्या प्रती मोजा, समजा ४०,००० पैकी पाचवा हिस्सा, ८,०००. मग जाहिरातीच्या खर्चाला एका ग्राहकामागे सुटणाऱ्या नफ्याने भागा, विक्रीने नाही हां, नफ्याने. समजा उत्तर आलं २५. म्हणजे खर्च भरून निघायला २५ नवे ग्राहक हवेत. १,४०,००० वाचकांत २५ म्हणजे ५,६०० मागे एक, ऐकायला किती सोपं वाटतं, तिथेच लोक चेक फाडतात. खरा हिशोब आहे ८,००० प्रतींत २५, म्हणजे दर ३२० घरांमागे एक. घरात पेपर आला म्हणजे जाहिरात दिसलीच असं नाही, आणि दिसली तरी त्या आठवड्यात तुमच्या कामाची गरज असेलच असं नाही, त्यामुळे हे एका जाहिरातीत जमणं मला तरी अवघड वाटतं. ग्राहक वर्षानुवर्षं परत येणारा असेल तर मात्र नफा त्या सगळ्या वर्षांचा धरा, मग २५ चे ५ होतात आणि तीच जाहिरात परवडायला लागते. दोन टोकांची उत्तरं येतात ती इथून.

मासिकाचं गणित वेगळं. प्रत महिनोन्महिने पडून राहते, दवाखान्यात, सलूनमध्ये हातोहात फिरते, त्यामुळे प्रतीमागे वाचक पेपरपेक्षा बरेच जास्त असू शकतात आणि ते खरेही असतात, फक्त उशिरा येतात. या शनिवारपर्यंत सूट असली जाहिरात तिथे देणं म्हणजे पैसे वाया. पण विषयाला वाहिलेलं मासिक, बागकामाचं, सायकलिंगचं, आणि तुमचा मालही त्याच लोकांसाठी आणि लांबवर पाठवता येणारा, तर छोटा खपसुद्धा मोठ्या पेपरला भारी पडू शकतो, कारण वाचणारा मुळातच त्या विषयातला असतो.

पेपरात घालून वाटायचं पत्रक हा प्रकार मला छोट्या धंद्याला जास्त पटतो, कारण तिथे रीडरशिपचा विषयच येत नाही, तुम्ही प्रती मोजून पैसे देता आणि बऱ्याचदा पेपर टाकणाऱ्याच्या कोणत्या लाइनला, म्हणजे कोणत्या गल्ल्यांत, टाकायचं तेही ठरवता येतं.

आणि जाहिरात दिलीच तर तिच्यासाठी वेगळा फोन नंबर किंवा क्यूआर कोड किंवा कापून आणायचं कूपन ठेवा. "कुठून कळलं?" एवढंच विचारून भागत नाही, लोक काहीही सांगतात, आठवत नसलं की "पेपरात बघितलं" म्हणतात. वेगळ्या नंबरवर आलेले कॉल त्या ३२० च्या हिशोबाशी लावून बघा, पुढच्या वेळी रेट कार्ड समोर आलं की घासाघीस करायला तुमच्याकडे स्वतःचा आकडा असेल.